घडीपत्रकातलं गाव

आमच्या इमारतीच्या तळघराला इथे केलर म्हणतात. आई त्याला बळद म्हणते. न्युरेम्बर्गला आल्यापासून या घरातली तिला सगळ्यात पटलेली जागा तीच. लाकडी फळ्यांची दारं, ज्याचं त्याचं कुलूप, पायाला गार लागणारी जमीन, बटाट्यांचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास. "आमच्या बळदात ज्वारी असायची, तुमच्या बळदात खोकी," एवढाच फरक तिला दिसला.

ईस्टरच्या सुट्टीत हाउसमाइस्टरने, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या माणसाने, जिन्यात नोटीस लावली, की केलरच्या बोळातलं सामान उचला. आई रविवारी भारतात परत जाणार होती. बुधवारी सकाळी ती, मी आणि माझी दहा वर्षांची ईरा अशा तिघी खाली उतरलो. तळाच्या खोक्यात माझी कॉलेजची पुस्तकं होती. त्यांच्यात एक हिरवं, तीन घड्यांचं पत्रक होतं आणि एक जाड तपकिरी पाकीट. पत्रक मी उचललं. पाकीट आईने.

पत्रकावर दोन भाषांत छापलं होतं: गावाचा इतिहास आणि सोयीसुविधा. वेल्समधलं, समुद्रापासून मैलभर आत असलेलं गाव. मी तिथे शिकायला होते तेव्हा सव्वा वर्ष राहिले. गावाचं नाव दोन 'एल' जोडून सुरू होतं. म्हणायचं तर जीभ टाळ्याला लावून गालाच्या बाजूने हवा सोडावी लागते. मला ते अजून जमत नाही, म्हणून लिहीतही नाही. कागद नाकाशी नेला तर केलरचाच वास आला, पण मला मात्र कोळशाच्या धुराचा, ओल्या लोकरीचा आणि ओहोटीनंतर किनाऱ्यावर पडलेल्या शेवाळाचा आला. वासाचं असंच असतं, कुठे आहात ते तो विचारत नाही.

"ही कोण गं?" आई म्हणाली.

तिच्या हातात फोटो होता. काळा गाऊन घातलेली मी, टोपी कानावर कललेली. शेजारी एक गोरी म्हातारी, तोंड भरून हसणारी, आणि तिच्या खांद्यावर जांभळा, लाल काठाचा खण.

"हा माझा खण हाय," आई म्हणाली. मग बराच वेळ फोटोकडे बघून, "तू तर सांगितलंवतंस, खुर्ची मोकळी ठेवली म्हणून."

सांगितलं होतं खरं. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. हे मी सांगते आणि सांगत राहणार, त्यात लाजायचं काय. वडील एसटीत कंडक्टर, आई अंगणवाडीत सेविका. परदेशातल्या विद्यापीठाचा पदवीदान समारंभ, त्याची दोन आमंत्रणं पालकांसाठी, आणि ते दोघं येऊ शकले नाहीत. का, ते आता सोडा. त्या संध्याकाळी फोनवर मी म्हणाले, "तुमच्या दोघांच्या खुर्च्या मी मोकळ्या ठेवल्या होत्या." वडिलांनी ते अख्ख्या डेपोत सांगितलं. ते गेले तेव्हा भेटायला आलेल्या एका ड्रायव्हरने मला तेच ऐकवलं, की पोरीनं खुर्ची राखून ठेवली होती म्हणायचे साहेब. मी मान हलवली.

दोनांतली एकच खुर्ची मोकळी होती. दुसरीवर माझी घरमालकीण बसली होती. फोटोच्या दोन प्रती मिळाल्या, एक तिला पाठवायचं मी कबूल केलं होतं. पण एक पाठवायची तर दुसरी घरी दाखवायला लागणार, असं काहीतरी डोक्यात बसलं, आणि दोन्ही त्याच पाकिटात राहिल्या. चौदा वर्षं.

आई उलट्या खोक्यावर बसली. आता बोल बसणार म्हणून मी उभीच.

"नाव काय हिचं?"

"आंटी म्हणायचे मी."

"म्हणायचीस ते झालं. नाव काय?"

मी ईराकडे बघितलं. ईरा माझ्याकडे बघत होती.

"माझ्या जागंवर बसली ती बाई," आई हळू, एकेक शब्द वेगळा करत म्हणाली, "आणि तुला तिचं नाव ठाव न्हाई? एवढी शिकलीस की गं."

खोटं बोलल्याबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. हेच बोलली. नेमकं तिथेच लागलं.

वर आलो. चहा टाकला. मी माझी बाजू मांडू लागले, की मोठ्या माणसाचं नाव घ्यायचं नाही हे तूच शिकवलंस. पहिल्या दिवशी दार उघडलं तेव्हा मी "हॅलो आंटी" म्हणाले, तिला गंमत वाटली, तेच पडलं. विद्यापीठाच्या भाड्याच्या खोल्यांच्या यादीत फक्त घराचं नाव होतं: ब्रिन आवेल, वाऱ्याची टेकडी. तिथे घरांना नंबर नसतात, नावं असतात. गावात कुणी कुणाला आडनावाने हाक मारत नाही, कारण निम्म्या गावाचं आडनाव एकच. ज्याचं जे काम तेच त्याचं नाव: दुकानवाला तो दुकान, बसवाला तो बस. तीही मला नावाने हाक मारायची नाही, 'कर्याद' म्हणायची. म्हणजे लाडकी.

"घ्यायचं नाही म्हणाले," आई म्हणाली, "विचारायचं नाही असं कवा म्हणाले?"

घराचा फोन नंबर तेव्हाच्या मोबाइलबरोबर गेलेला. ईराने टॅबलेटवर नकाशात ते घर शोधून काढलं. दार तेच, निळं. दाराशेजारी किल्ली ठेवायची आकड्यांची पेटी लावलेली.

"फेरियनवोनुंग," ईरा म्हणाली. सुट्टीत भाड्याने देतात तसलं घर. म्हणजे आंटी तिथे राहत नव्हती.

"आता?" आई म्हणाली. "मी रविवारी चालले. त्याच्याआधी ह्या बाईला फोटो मिळतोय का न्हाई ते कळलं पाहिजे मला."

मग तिने पत्रक माझ्यापुढे सरकवलं. सोयीसुविधांच्या यादीत प्रत्येक नावापुढे फोन नंबर होता.

पहिला नंबर दुकान आणि पोस्टाचा. मी फिरवला. एका बाईच्या ध्वनिमुद्रित आवाजाने सांगितलं, की हा नंबर वापरात नाही.

त्या दुकानात शिरलं की घंटी वाजायची, आणि मागच्या घरातून कुणीतरी तोंड पुसत यायचं. काचेमागे पोस्ट, अलीकडे चीज, दोन्हींना एकच माणूस, फक्त पोस्टासाठी तो चष्मा लावायचा. मी चाकवतासारखी काही भाजी मिळेल का विचारलं तेव्हा त्याने पूर्ण चौकशी केली. कशी दिसते, कशात शिजवता, मुळासकट घेता का? दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या बागेतलं तण उपटून आणलं आणि विचारलं, हेच का? तेच होतं. त्या गावात सगळ्यांना सगळं जाणून घ्यायचं असायचं. मलाही. एवढे प्रश्न विचारायची मोकळीक मला त्याआधी कुठेच मिळाली नव्हती. शाळेत जास्त विचारलं की बाई म्हणायच्या, खाली बस.

समुद्राच्या वाटेवरच्या घरांची नावं रंगून, वलपरायझो, अडेन अशी का? तर त्या घरांतले पुरुष जहाजांवर होते, आणि जिथून पैसा आला त्या बंदराचं नाव दाराला. किनाऱ्यावर दगडी विहिरीसारखं ते काय? चुन्याची भट्टी. होड्या चुनखडी आणि कोळसा आणायच्या, भट्टी पेटायची, थंडीत वाटसरू तिच्या उबेला झोपायचे, आणि तो चुना शेतात पडायचा, कारण तिथली माती आंबट. माती आंबट असते हे मी पहिल्यांदा ऐकलं. चॅपलच्या मागच्या खोलीत एके काळी पोरांना ताऱ्यांवरून जहाज कसं हाकायचं ते शिकवत. शेणाने माखलेले बूट बाहेर काढून पोरं आत जायची आणि आकाशाचं गणित करायची. हे सगळं पत्रकात दोन-दोन ओळींत आहे. आंटी मात्र प्रत्येक ओळीचा तासभर करायची.

दुसरा नंबर चॅपलचा. फोन उचलला गेला. एक उत्साही पुरुष, उच्चारांवरून वेल्सबाहेरचा.

"चॅपल? हो, हो, चॅपलच. आम्ही तीन वर्षांपूर्वी घेतलं. मोठं काम होतं हो."

मी सांगितलं, की तिथे रविवारी ऑर्गन वाजवणाऱ्या एका बाईंना शोधते आहे.

"ऑर्गन गेला होता आम्ही यायच्या आधीच. वरच्या सज्जात आता बेडरूम आहे. तुमच्या बाईंचं नाव काय?"

"तेच शोधते आहे."

"अरेच्चा," तो म्हणाला, आणि मग खरंच वाईट वाटून, "आम्हाला इथलं फारसं कुणी माहीत नाही."

आई शेजारून विचारत होती, "काय म्हणतोय?" मी सांगितलं, देवळात झोपतो. आईने कपाळाला हात लावला.

आंटीचा धर्म मला कळला नाही, पण तिचं वाजवणं कळायचं. शनिवारी दुपारी ती सरावाला जायची आणि मी तिच्या मागे. बाकांना मेणाचा वास, गाण्यांच्या पुस्तकांना बुरशीचा. चपला काढून ती मोज्यांनी पायपट्ट्या दाबायची. रविवारी पंधरा-वीसच माणसं यायची, पण गायला लागली की चार भागांत फुटायची, जाड आवाज खाली, बारीक वर, कुणी कुणाला न सांगता. कसं कळतं कुणी कुठे गायचं? मी विचारलं. ती म्हणाली, "जिथे तुझी आई उभी असायची तिथे तू उभी राहतेस, आणि ती जे गायची ते गातेस."

बससुद्धा पत्रकात होती, सोय म्हणून. दिवसातून पाच. पोस्टासमोर थांबा, थांब्यावर स्लेटचं छप्पर. ड्रायव्हर वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणायचा, कुणाची औषधं आणायचा, आणि एखादी म्हातारी नेहमीच्या वेळी दिसली नाही तर हॉर्न वाजवून थांबायचा. मला वडिलांचा खाकी शर्ट आठवायचा. तेही सांगोल्याच्या गाडीत लोकांचे डबे, लग्नपत्रिका, इंजेक्शनं नेऊन द्यायचे. मी त्या ड्रायव्हरला हे सांगितलं. तेव्हापासून चढताना तो मला रोज विचारायचा, "वडील कसे आहेत, त्यांची गाडी वेळेवर आहे ना?" फोनवर वडील विचारायचे, "तुझा ड्रायव्हर काय म्हणतोय?" दोघांची कधी भेट झाली नाही.

तिसरा नंबर पबचा. ध्वनिमुद्रित आवाज: उन्हाळ्यात उघडू. चौथा रस्त्यावरच्या लाल फोन-बूथचा, तोही कुणी हौसेने छापला होता. ईराने नकाशात बघून सांगितलं, की बूथ आहे पण आत फोन नाही, हृदय बंद पडलं तर झटका द्यायचं यंत्र आहे. "प्राक्टिश," ती म्हणाली, म्हणजे सोयीचं.

आई फोटोच घेऊन बसली होती. "खण कवा दिलास हिला?"

आईने तो खण माझ्या बॅगेत घातला होता. म्हणाली होती, बाईमाणसाच्या घरात राहतेस, निघताना तिची ओटी भरल्याशिवाय यायचं नाही. आंटीचा नवरा मी तिथे जायच्या आधीच वारलेला, हे मी आईला कळवलं नाही. समारंभाच्या दिवशी सकाळी तिच्या स्वयंपाकघरात, केटल शिट्टी घालत असताना, मी तिच्या एप्रनमध्ये गहू घातले, नारळ मिळाला नव्हता म्हणून मोठं सफरचंद, आणि खण. काही विचारल्याशिवाय राहणारी ती नव्हती. याचा अर्थ काय? मी म्हणाले, तुझं घर भरलेलं राहो. तिने एप्रन तसाच दोन्ही हातांनी धरून ठेवला, पुढे काय करायचं ते न कळून. मग म्हणाली, "आज तुझ्या आईची खुर्ची मोकळी आहे ना? मी बसू का?"

विद्यापीठाच्या त्या मोठ्या सभागृहात ती वीस वर्षं साफसफाईला होती. हे मला त्या दिवशी कळलं. आत शिरताना म्हणाली, "या खुर्च्यांच्या खालून मी झाडलंय. आता वरून कसं दिसतं ते बघू." चौथ्या रांगेतली करकरणारी खुर्ची टाळून तिने पाचवीतली धरली. माझं नाव पुकारलं आणि ती उभी राहिली. उभं राहायचं नसतं. सगळे बसलेले, ती एकटी उभी, खांद्यावर जांभळा खण, आणि मी मंचावर. फोटोवाल्याने विचारलं, मायलेकी? ती म्हणाली, हो.

हे सगळं मी आईला आत्ता, स्वयंपाकघरात, पहिल्यांदा सांगितलं. भाजी चिरायची राहिली. आई ऐकत होती.

"नवरा नव्हता हिला?"

"नव्हता."

"तरी भरलीस."

"भरली."

"बरं केलंस," आई म्हणाली, आणि गॅस नसलेल्या शेगडीवर हात ठेवून गरम आहे का बघितलं. ती सवय तिची जात नाही. "लाव पुढचा नंबर."

पुढचा शेवटचा होता. गावचा हॉल. बराच वेळ वाजला. मग एकदम कपबशांचा आवाज, हसणं, खुर्च्या सरकणं, आणि एक धापा टाकणारी बाई. बुधवार, म्हणजे गावाने हॉलमध्ये जमायची कॉफीची सकाळ. हे मला आठवायला हवं होतं.

मी तेच सांगितलं. बाई शोधते आहे, नाव माहीत नाही. ऑर्गन वाजवायच्या.

"ऑर्गन तिघी वाजवायच्या, बाळ. कुठल्या घरातली?"

"ब्रिन आवेल. मी तिथे राहायचे, शिकत असताना. भारतातून..."

"थांब, थांब," बाई ओरडलीच. "शिट्ट्या! तू शिट्ट्यांची मुलगी!"

माझ्या कुकरच्या शिट्ट्या. उन्हाळ्यात खिडकी उघडी असली की गल्लीभर जायच्या, आणि तिसरीनंतर समोरचा म्हातारा हात वर करून मोजून झाल्याची खूण करायचा. तर गावात माझं हे नाव होतं. मलाही कुणी माझं नाव विचारलं नव्हतं तर.

"तू नेस्टाला शोधतेस," बाई म्हणाली. "घर विकलं तिने, इथे मागच्या छोट्या घरांमध्ये असते. ही काय, केकच्या टेबलाशी आहे. थांब." मग तिकडेच कुणाला तरी, "उजव्या कानाला दे, डावा गेलाय तिचा."

नेस्टा. मी आईकडे बघून ते ओठांनी म्हटलं. चौदा वर्षांत काय काय सांगायचं साचलं होतं, इथली नोकरी, लग्न, ईरा, वडील, आणि फोन तिच्या हातात जाताना ऐकू येत होतं, की कुणीतरी बशी उचलतंय, कुणीतरी वेल्शमध्ये काहीतरी सांगतंय.

"हॅलो? मोठ्याने. इथे सगळ्या एकदम बोलतात."

"आंटी," मी म्हणाले. तोंडात दुसरं आलंच नाही.

पलीकडे एक बशी टेबलावर ठेवली गेली. मला वाटलं, विसरली. नव्वदीची असेल, विसरली तरी चालेल, असं मी स्वतःला सांगून टाकलं.

"माझा फोटो कुठे आहे?" ती म्हणाली.

मी हसले की रडले, ईराला विचारा. "माझ्यासमोर आहे. माझी चूक झाली, आंटी. आजच पाठवते."

"लवकर पाठव. मी सगळ्यांना सांगते मी तिथल्या खुर्चीवर बसले होते, आणि या बायकांना खरं वाटत नाही." मागे कुणीतरी खो खो हसलं. "तुझ्या आईने पाहिला?"

मी आईकडे पाहिलं. "आज पाहिला."

"आजच?"

"आज."

तिला कळलं असावं.

"काय म्हणती?" आईने माझा दंड ओढला.

"फोटो मागतीय. आणि तू बघितलास का विचारतीय."

"दे इकडं."

"आई, तिला इंग्रजी..."

"दे गं."

तिने फोन घेतला. पदर सारखा केला, जणू समोरून कुणी बघतंय. आईचं फोनवरचं बोलणं मला पाठ आहे. कंडक्टरांच्या घरातनं बोलतीया. बाळीची आई बोलतीया. अंगणवाडीतल्या बाई. चाळीस वर्षांत दुसरं काही मी ऐकलं नाही.

"मी शालन," आई म्हणाली.

पलीकडून काहीतरी आलं. शालोन, असं.

"शालन."

"शालेन?"

"शा. लन." अंगणवाडीतल्या पोरांना शिकवताना म्हणते तसं, हाताने हवेत दोन तुकडे करत. चौथ्यांदा बरोबर आलं. मलाही ऐकू आलं, इतक्या मोठ्याने.

"हां. आता बराबर," आई म्हणाली. "तुमचं?"

ईरा पुढे वाकली आणि फोनमध्ये शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "आजी तुमचं नाव विचारते आहे."

तिकडून सांगितलं गेलं. आईने ऐकलं, एकदा मनात म्हटलं, आणि मग मोठ्याने. "नेस्टा." पहिल्याच फटक्यात.

फोन तसाच कानाला धरून तिने माझ्याकडे बघितलं.

"बघ," ती म्हणाली, "एवढंच तर विचारायचं होतं."